परत येण्याची पायरी

"बाई, वाचा आता. मोठ्यानं वाचा, मागं ऐकू जाऊ दे," शिंगटे सर म्हणाले आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

समोर पद्मजा बसली होती. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, कमरेला फुलांचा पट्टा आणि पुढ्यात लॅपटॉप. डोहाळजेवणाला सजवलेल्या बाईपुढे लॅपटॉप मांडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ओटीचा नारळ, तांदूळ, खण अजून तिच्या पदरातच होते. ते बाजूला ठेवायलाही कुणी तिला सवड दिली नव्हती. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं तिचा पडदा मोठा करून दाखवला होता आणि त्यावर आमच्या कंपनीचं नवं कोरं पान उघडलं होतं: वर्ग हस्तांतरण.

माझ्या हातात कागद होता. त्यावरची सगळी वाक्यं माझी होती, शेवटचं सोडून. त्या शेवटच्या वाक्यापायी मी दोन-तीन दिवस नुसती धुमसत होते. आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली, आणि राग म्हणाल तर अजून तितकाच आहे.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. खाजगी क्लासेसना लागतं ते सगळं आम्ही बनवायचो, म्हणजे हजेरी, परीक्षा, रेकॉर्ड केलेले धडे, मुलांच्या शंका. ते कसं वापरायचं हे साध्या मराठीत लिहून देणं हे माझं काम. 'इथे दाबा, मग तिथे दाबा' अशी पानंच्या पानं मी लिहिली आहेत. ऑफिसात मला 'दाबाबाई' म्हणायचे, तेही तोंडावर. म्हणेनात का. माझा नियम एकच होता. स्वतःच्या बोटानं दाबून पाहिल्याशिवाय ओळ लिहायची नाही आणि लिहिलेलं पान एखाद्या खऱ्या शिक्षकाला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. मी वाचणार, समोरच्यानं नुसतं ऐकून करायचं. तो जिथे अडेल तिथे माझं वाक्य चुकलं.

पद्मजा आवटी ही माझी हक्काची ऐकणारी. विट्याच्या गुणशिखर क्लासेसमध्ये ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. गुणशिखरच्या शाखा गावोगाव होत्या, पण मुलांच्या तोंडी नाव असायचं आवटी मॅडमचं. सुरुवातीचे धडे तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केले होते, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून. एका धड्यात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. एकात ती बेंझीनचं कडं काढत असताना मागून सासूबाई ओरडतात, "पद्मे, दूध उतू चाललंय गं!" ती "आले, आले" म्हणत उठते, गॅस बंद करून येते आणि जिथे सोडलं तिथून पुढे शिकवायला लागते. मुलं त्याला 'दुधाचा धडा' म्हणायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्म्या जिल्ह्यातली पोरं दुधाचा धडा पाहून झोपत असतील. असे आठ वर्षांचे धडे तिच्या नावावर होते.

वर्ग हस्तांतरण हे साधन आम्ही शिंगटे सरांच्या मागणीवरून केलं. गुणशिखर त्यांचं. एका शिक्षकाचा वर्ग मुलांसकट, धड्यांसकट दुसऱ्याच्या नावावर करायचा. शिक्षक आजारी पडतात, नोकरी सोडतात, तेव्हा असं काही लागतंच. चित्रं काढता यावीत म्हणून गुणशिखरच्या शिक्षकांत माझ्याही नावाचं एक सराव खातं होतं. त्यातला लुटुपुटूचा वर्ग मी आमच्या इम्तियाज मुजावरच्या खात्यात पाठवला. सगळं सॉफ्टवेअर तोच लिहायचा. त्यानं 'स्वीकारा' दाबलं आणि वर्ग गेला. मग मी तो परत आणायला बसले, तर काही सापडेना.

"इम्तियाज, परत घ्यायचं बटण कुठंय रे?"

"नाहीये, ताई."

"विसरलास?"

"विसरतोय कशाला? मी केलं होतं की. तारीख टाकायची, तारीख आली की वर्ग आपोआप मूळ शिक्षकाकडे. शिंगटे सरांनी बघितलं आणि काढायला लावलं. आता ज्याच्याकडे गेला त्यानं मनानं परत पाठवला तरच येतो."

"आणि धड्यांवरचं नाव?"

त्यानं नुसती स्क्रीन माझ्याकडे वळवली. शिंगटे सरांना दाखवायला त्यानं एक नमुना केला होता आणि नमुन्याला घेतला होता तो नेमका दुधाचा धडा. तिचा चेहरा, तिचा आवाज, तिच्या सासूबाईंचं दूध, आणि खाली लिहिलेलं: शिक्षक, प्रणील भोईटे.

प्रणील भोईटे म्हणजे शिंगटे सरांचे नवे जावई.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद्मजाला सातवा महिना चालू होता. 'बाळंतपणापुरता वर्ग प्रणीलरावांकडे राहू दे,' असं सरांनी तिला सांगितल्याचं तिनंच मला फोनवर सांगितलं होतं, वर कौतुकानं. मी तशीच उठले आणि आमच्या साहेबांच्या, उपळेकरांच्या, केबिनमध्ये गेले.

"सर, बाळंतपणापुरता म्हणून वर्ग मागतायत आणि यात परत येण्याची पायरीच नाही."

"पायरी नसेल, माणूस आहे ना? शिंगटे सरांनी शब्द दिलाय."

"मग मी पानावर तसं लिहिते. हे हस्तांतरण कायमचं आहे. वर्ग परत हवा असेल तर समोरच्याची मर्जी लागेल."

"कुंभोजकर मॅडम, बटण कुठं आहे ते सांगणं तुमचं काम. बटण दाबल्यावर कुणाचं काय होतं ते सांगणं तुमचं काम नाही." मी हातातल्या पानावर नुकतंच लिहिलेलं ते वाक्य त्यांनी खोडलं आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गरज संपल्यावर वर्ग परत मिळवता येतो.'

कसा मिळवता येतो, कुणाकडून, कधी, काही नाही. वाक्य खोटं आहे असंही म्हणता येऊ नये इतक्या हुशारीनं खोटं लिहिलं होतं. माणसं अशा वाक्यांवर मोठी होतात, केबिनमध्ये बसतात आणि वाढदिवसाला केक कापून घेतात.

एक गोष्ट मात्र शिंगट्यांच्या आड येत होती आणि तीही मीच लिहिलेली. आमच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'शिक्षकानं स्वतः बटण दाबल्याशिवाय वर्ग हलत नाही. आम्हालाही हलवता येत नाही.' या एका वाक्यावर उपळेकरांनी कितीतरी क्लासेस मिळवले होते. तेव्हा बटण पद्मजानंच दाबायला हवं होतं आणि ते तिनं हसत दाबावं म्हणून शिंगट्यांनी डोहाळजेवण काढलं. सगळ्या शाखांचे शिक्षक बोलवायचे, ओटी भरायची, आणि नव्या साधनाचं प्रात्यक्षिक म्हणून तिच्याच खऱ्या वर्गाचं हस्तांतरण तिथल्या तिथे उरकायचं.

संध्याकाळी मी पद्मजाला फोन केला आणि होतं ते सगळं सांगितलं.

"ज्योत्स्नाताई, तुम्ही फार मनाला लावून घेताय," ती म्हणाली. "सहा पोरांचा वर्ग होता माझा, तेव्हापासून सर मागं उभे आहेत. कॉलेजवाले दारात उभं करत नव्हते मला. ते माझा वर्ग खातील?"

"पद्मजा, पान मी लिहिलंय. परत येण्याची पायरी त्यात नाही."

ती म्हणाली, "विचारते मी त्यांना. पण ताई, डोहाळजेवण करतायत ते माझं. माहेरी माझ्या कुणी उरलं नाही. शिंगटे काकींनी स्वतः जाऊन साडी आणलीय हो."

मी फोन ठेवला आणि त्या न पाहिलेल्या साडीचाही मला राग आला.

तर अशी ती हिरवी साडी. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. शिंगटे काकींनी ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. पद्मजानं एक उघडली तर पेढा निघाला. "मुलगा, मुलगा!" म्हणून टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत लॅपटॉप आला. पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई, शेजारी उपळेकर, त्यांच्या पलीकडे फोन हातात धरून प्रणील भोईटे. 'स्वीकारा' दाबताना फोटो निघावा म्हणून त्याच्यासमोर एक फोटोवाला आधीच गुडघ्यावर बसवून ठेवला होता.

"वाचा, बाई," शिंगटे सर पुन्हा म्हणाले.

मी वाचलं. "पहिली पायरी. तुमचा वर्ग निवडा." पद्मजानं निवडला. "दुसरी पायरी. काय काय पाठवायचं त्यावर खूण करा." भिंतीवर एकेक खूण उमटत गेली. मुलं. धडे. प्रश्न. शंका. पुढची पायरी नावाची. मी कागद खाली घेतला.

"तिसऱ्या पायरीआधी एक सूचना," मी माईकवर म्हणाले. "हे हस्तांतरण कायमचं आहे. वर्ग परत हवा असेल तर ज्याच्याकडे गेला त्याची मर्जी लागेल."

उपळेकर ताडकन उठले. "मॅडम जुना कागद घेऊन आल्या वाटतं," ते हसत म्हणाले. चारजण त्यांच्याबरोबर हसले. पद्मजा हसली नाही.

"सर," ती शिंगट्यांकडे वळून म्हणाली, "परत यायची पायरी कुठली? तीपण आत्ताच दाखवा की. म्हणजे मला घरी बसून करता येईल."

"अगं, पायऱ्या काय मोजत बसलीस? मी आहे की."

"तुम्ही आहातच सर. पण पायरी?"

"आधी नीट बाळंत हो," शिंगटे सर आता सगळ्या हॉलशी बोलायला लागले. "एकदा पोर झालं की तुझं तुलाच कळंल, बाईचं लक्ष कुठं लागतं ते. तवर प्रणीलरावांची घडी बसलेली असंल. बसलेली घडी कुणी मोडतं का? आईपण काय अर्धवेळ काम आहे?"

हॉल हसला. बायकाही हसल्या. जिची ओटी भरली तिलाच भर सभेत सांगत होते की आता तू संपलीस, आणि लोक हसत होते. माईक त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "पद्मे!" सासूबाई होत्या. "त्या धड्यात माझा आवाज हाय. त्यो बी ह्या जावयाच्या नावावर व्हणार व्हय?"

"आजी, तुमचा आवाज कोण नेतंय?" शिंगटे म्हणाले.

"न्हाई, इचारलं आपलं. दूध माझं व्हतं म्हणून."

या वेळी कुणी हसलं नाही. पद्मजा सासूकडे बघत राहिली. मग तिनं पदरातला नारळ उचलला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला, तांदळाचे हात साडीला पुसले आणि मला म्हणाली, "ताई, वाचा पुढं. तिसरी पायरी."

मला कळेना. इतकं ऐकून ही तरीही देणार? तिचाही राग आला मला त्या क्षणी. तरी वाचलं. "ज्यांच्याकडे वर्ग सोपवायचा त्यांच्या नावाची सुरुवातीची अक्षरं लिहा आणि खाली दिसणारं नाव निवडा."

प्रणीलनं केस सारखे केले. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. पद्मजानं भिंतीवर दोनच अक्षरं उमटवली: ज्योत्स. खाली एकच नाव आलं. ज्योत्स्ना कुंभोजकर, सराव.

"चौथी पायरी, ताई?"

"पाठवा... हे बटण दाबा," मी म्हणाले.

तिनं दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. बाहेर काढून पाहिला तर वर लिहून आलं होतं, 'पद्मजा आवटी यांनी तुमच्याकडे वर्ग पाठवला आहे.' खाली दोन बटणं. नाकारा. स्वीकारा.

उपळेकर माझ्या कानाशी आले. "नाकारा. आत्ताच्या आत्ता नाकारा."

"सर, बटण कुठं आहे ते मला माहीत आहे."

"नोकरी प्यारी आहे ना?"

होती ना. घरात मी एकटी कमावणारी होते. नोकरी प्यारी नाही असं म्हणणारे एकतर खोटारडे असतात किंवा त्यांची शेती असते. मी पद्मजाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. भिंतीवर आता उघडलेल्या धड्यांच्या यादीतल्या स्वतःच्या नावाकडे पाहत होती. मी 'स्वीकारा' दाबलं. भिंतीवर दुधाच्या धड्याखालचं आवटी हे नाव गेलं आणि तिथे माझं नाव आलं. ते पाहूनही मला बरं वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

"हा काय पोरखेळ आहे?" शिंगटे गरजले. "बाई, तो वर्ग आत्ता इथं प्रणीलरावांकडं पाठवा. उपळेकर, तुम्ही हलवा, तुमचंच सॉफ्टवेअर आहे!"

माईक अजून माझ्याच हातात होता. "शिक्षकानं स्वतः बटण दाबल्याशिवाय वर्ग हलत नाही," मी म्हणाले. "आम्हालाही हलवता येत नाही. माहितीपत्रकाचं पहिलं पान, सर."

सगळ्या शाखांचे शिक्षक समोर बसले होते आणि प्रत्येकाचा कुठे ना कुठे एक वर्ग होता. आता कुणी हसत नव्हतं. कितीतरी जण उपळेकरांच्या तोंडाकडे बघत होते.

जिन्यात पद्मजानं मला गाठलं. फुलांचा पट्टा तिनं काढून हातात घेतला होता.

"नुसतं नाही का म्हटलं नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "माझ्या गळ्यात कशाला?"

"आज नाही म्हटलं असतं तर उद्या परत मागितला असता, ताई. मग घरी आले असते, पेढे घेऊन. बाळंतिणीनं किती वेळा नाही म्हणायचं? आता माझ्याकडे नाहीच, तर काय मागणार?" एवढं बोलून ती जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली. "काकींनी खरंच मनापासून आणली हो ही साडी," ती म्हणाली.

त्यानंतर उपळेकर माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले. मला काढता मात्र येईना. मला काढायचं तर माझं खातं बंद करायला हवं, खातं बंद झालं की वर्ग बंद, आणि बारावीची परीक्षा तोंडावर. पालक शिंगट्यांच्या दारात येऊन बसले असते. प्रणील भोईट्याला मी पहिल्याच दिवशी पाहुणा शिक्षक म्हणून वर्गात घेतलं. शिकवायचं असेल तर शिकव बाबा, तुला कोण नको म्हणतंय? पाहुण्याचं नाव धड्यांवर लागत नाही एवढंच. तो दोन आठवडे आला आणि मग त्याला पुण्यात महत्त्वाचं काम निघालं. मग सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांनी वर्ग सांभाळला, नावाचा प्रश्नही न विचारता. मुलांच्या शंका माझ्या खात्यात यायच्या, 'आवटी मॅडम, तुम्ही कुठे गेलात?' रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण 'येणार आहेत' एवढं मी प्रत्येकाला कळवत होते.

पद्मजाला मुलगी झाली.

ती पुन्हा कामावर रुजू होणार त्या सकाळी उपळेकरांनी मला बोलावलं. "आज तो वर्ग तुमच्या खात्यातून जाईल. त्याबरोबर तुम्हीही," ते म्हणाले. मी बरं म्हणाले आणि विट्याची एसटी पकडली.

शिंगट्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो. ते, पद्मजा, मी, आणि मागच्या बाकावर सासूबाई, मांडीवर पोर. शिंगटे म्हणाले, "जाऊ दे, झालं गेलं. कुंभोजकर बाई, तुमच्याकडनं वर्ग आधी ऑफिसच्या खात्यावर घेऊ. ऑफिस देईल पद्मजाला. रीतसर होईल."

त्यांची ही चिकाटी पाहून मी थक्क झाले. मी लॅपटॉप उघडला. वर्ग. धडे. मुलं. तिसऱ्या पायरीला पद्मजाचं नाव लिहिलं आणि पाठवलं. तिनं तिच्या फोनवर स्वीकारलं.

तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. आधी ती कधी येत नव्हती. इम्तियाजनं कुणाला न सांगता घातली होती, आणि आत माझं खोडलेलं वाक्य होतं, एक जागा सोडून शब्द न शब्द.

पद्मजानं ते मनात वाचलं. मग तिनं लॅपटॉप उचलून शिंगट्यांच्या पुढ्यात ठेवला.

"सर, वाचा आता."

"काय वाचायचंय त्यात?" ते खिशात चष्मा चाचपत म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"मोठ्यानं वाचा, मागं ऐकू जाऊ दे."

पोर कुरकुरायला लागलं होतं. सासूबाईंनी त्याला थोपटायचं थांबवलं आणि मान पुढे काढली. शेवटी शिंगटे सरांनी घसा खाकरला आणि वाचलं.

"हे हस्तांतरण कायमचं आहे. वर्ग परत हवा असेल तर..."

ते थांबले.

"पुढं, सर," पद्मजा म्हणाली.

"...तर पद्मजा आवटी यांची मर्जी लागेल."